एक घड्याळ, दोन मनगटे

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. नागपूरच्या एका अधिकृत घड्याळ-सेवाकेंद्रात काचेच्या काउंटरवर काळ्या मखमलीच्या चार ताटल्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या दुसऱ्या ताटलीत खेमसिंग आडे यांचे घड्याळ पालथे पडले होते. मागचे झाकण उघडलेले होते. डोळ्याला भिंग लावून आत पाहणारा कारागीर मागच्या खोलीत निघून गेला, आणि काउंटरवरची नयन नावाची मुलगी काय बोलावे याची जुळवाजुळव करू लागली.

"सर, हे आम्हाला घेता येणार नाही."

"काहून? पाच वर्षं झाली. सर्व्हिसिंगची वेळ झाली म्हणूनच तर आणलं."

"तसं नाही, सर. हे आमच्या कंपनीचं घड्याळच नाही. केस, डायल, सगळं तसंच केलंय. आतलं यंत्र वेगळं आहे. नक्कल फार चांगली आहे, पण नक्कलच आहे."

खेमसिंग यांनी रागावण्याऐवजी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले वॉरंटीकार्ड काढले. आयुष्यभर तंत्रनिकेतनात मापनशास्त्र शिकवलेल्या माणसाला वाद घालण्यापेक्षा पुरावा पुढे करणे सोपे जाते. नयनने कार्ड घेतले, घड्याळाच्या पाठीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिले आणि दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या. क्रमांक निराळे होते.

"कार्ड खरं आहे, सर. या कार्डाचं घड्याळ कुठेतरी असेलच. हे ते नाही." मग आवाज उतरवून तिने विचारले, "मध्ये कुणाकडे दिलं होतं का?"

"कुणाकडेच नाही," खेमसिंग म्हणाले. आणि मग, जणू चुकलेले गणित पुसून नव्याने मांडावे तसे, "म्हणजे, माझ्याच माणसाकडे होतं."

तो माणूस म्हणजे ढाणकीचे रामराव वानखेडे. दोघे एकाच वर्षी यवतमाळच्या तंत्रनिकेतनात शिकायला आले, एकाच खोलीत राहिले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. खेमसिंग फुलसावंगीजवळच्या तांड्यातले. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालत असत. रामराव ढाणकीच्या कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरातले. कार्यशाळेत रामराव मुलांना वेल्डिंग शिकवत आणि खेमसिंग ते काम मोजून नापास करत. "म्या जोडाचं आन् यानं तोडाचं, असी आमची जोडी," असे रामराव पाहुण्यांना सांगत.

निवृत्त होऊन दोघे आपापल्या गावी परतले, त्या वर्षी रामराव यांच्या मनाने घेतले की आता एक खरे घड्याळ हवे, स्वित्झर्लंडचे. खेमसिंग यांनाही अशा घड्याळाची हौस जन्मभर होती, फक्त ती त्यांनी बोलून दाखवली नव्हती. एकट्याच्या आवाक्यात ते नव्हते. तेव्हा तोडगा रामराव यांनीच काढला.

"आपल्याकडं एकेक बैल असनारे दोघं शेजारी काय करते? जोडी लावते आन् पारीपारीनं वाहते. तसंच आपून घडी घेऊ. अर्धी तुही, अर्धी माही."

"घडी काय वखराले जुपाची हाय?"

"हाताले तं बांधाची हाय! एक हात रिकामा राह्यला तं काय बिघडलं?"

शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचे साल पाडव्याला सुरू होते, म्हणून फाळणीही त्याच हिशेबाने ठरली. दसरा ते पाडवा खेमसिंग, पाडवा ते दसरा रामराव. पेटी आणि कार्ड मात्र कायम खेमसिंग यांच्याकडे, कारण कागद त्यांच्याकडे हरवत नसत.

मग सुरू झाली तुलना. ती एक अख्खा उन्हाळा चालली. खेमसिंग यांनी तीन कसोट्या ठरवल्या: भरवसा, सर्व्हिसिंग आणि टाकलेल्या पैशाचे चीज. रामराव यांचा जीव रोलेक्समध्ये अडकला होता.

"रोलेक्स म्हंजे रोलेक्स, लेका. नुसतं नाव घेतलं तं सोयरे उठून खुर्ची देते."

"खुर्ची पाह्यजे का टाइम?"

"खुर्चीवर बसून टाइम पाहू ना!"

खेमसिंग यांनी रोलेक्सचे श्रेय नाकारले नाही. यंत्र दणकट, आणि विकायला काढले तरी किंमत टिकते. पण जे विकायचेच नाही त्याच्या विक्रीमूल्याचे पैसे कशाला मोजायचे, असा त्यांचा मुद्दा. ओमेगावर त्यांचे स्वतःचे मन जडले होते. चुंबकाला दाद न देणारे यंत्र ही गोष्ट त्यांना मोटारी आणि वेल्डिंग यंत्रांत आयुष्य काढल्यामुळे मनापासून पटत होती. मात्र दोघांच्या पेन्शनला ते झेपणारे नव्हते, आणि घड्याळ घेणे एक, दर काही वर्षांनी ते उघडून, धुऊन, तेल घालून घेणे दुसरे. लोक घेण्याची किंमत विचारतात, पाळण्याची विचारत नाहीत, असे ते रामराव यांना वारंवार सांगत. शेवटी लाँजिनचे स्वयंचलित घड्याळ ठरले. साधी पांढरी तबकडी, निळे काटे, सेकंदाला सात ठोके. नाव मोठे पण डोळ्यांत न खुपणारे, आणि सर्व्हिसिंग नागपूरपर्यंत जाऊन होण्यासारखे. २०१९च्या दसऱ्याला ते घेतले.

पहिला पाडवा आला तो नेमका टाळेबंदीचा पहिला दिवस. रस्त्यावर पोलीस उभे. खेमसिंग यांनी फोन करून सांगितले की या खेपेला राहू दे. तरी दहाच्या ठोक्याला रामराव तांड्याच्या मागच्या बाजूने, तुरीच्या धसकटांतून, तोंडाला उपरणे बांधून हजर. "कलेक्टरनं मानसं बंद केले, घडी नाही केली," असे म्हणून त्यांनी हात पुढे केला. खेमसिंग यांच्या पत्नी जमनी हसून हसून बेजार झाल्या. त्या दिवसापासून खेमसिंग यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. गणितातल्या इतर सगळ्या राशी बदलत्या असू शकतात, रामराव ही राशी स्थिर.

आणि चूक तिथेच झाली.

दर दसऱ्याला घड्याळ हाती आले की खेमसिंग ते पाच दिवस तपासत. तबकडी वर, तबकडी खाली, किल्ली वर, किल्ली खाली, आणि मग मनगटावर. फरक नेहमी एकच येई: दिवसाला तीन सेकंद पुढे, फार तर चार. २०२३च्या दसऱ्यानंतर तो अकरा आला. त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा अकरा. विद्यार्थ्यांना त्यांनी जन्मभर शिकवले होते की माप बदलले तर आधी वस्तूवर संशय घ्या, मग साधनावर, आणि शेवटी मोजणाऱ्यावर. स्वतःवर पाळी आली तेव्हा मात्र त्यांनी सर्वांत सोयीचे कारण निवडले. तेल वाळले असेल. कान लावून ठोके मोजावेत किंवा पाठीवरचा क्रमांक पाहावा हे त्यांच्या मनातही आले नाही. तो पाहणे म्हणजे घड्याळ नव्हे, रामराव यांना उलटे करून पाहणे झाले असते.

नागपूरहून परतीच्या एसटीत खिडकीशी बसून खेमसिंग यांनी हे सारे ओळीने मांडले, आणि मग त्यांना २०२३चा मे महिना आठवला. रामराव यांची धाकटी मुलगी खुशी हिचे लग्न. खुशी खेमसिंग यांना खेमबाबा म्हणे, आणि नऊ वर्षांची असताना त्यांच्याच मांडीवर बसून व्हर्नियर कॅलिपरवरचे माप वाचायला शिकली होती. नवरदेव ऋतिक पुण्याचा अभियंता. मांडवात त्याच्या मनगटावर पांढऱ्या तबकडीचे, निळ्या काट्यांचे घड्याळ पाहून खेमसिंग थबकले होते.

"हे तं आपल्याच घडीची जुळी बहीन!"

"मंग?" रामराव हसले होते. "तूच तं पारखून देलती. म्या म्हटलं, जावयाले दुसरी कायले पाहाची? तेच मॉडेल मागोलं."

आणि मग व्याह्यांसमोर त्यांनी खेमसिंग यांचा हात धरून त्यांना पुढे ओढले. "इचारा आमच्या सरांले! इंजिनीअर घडवले त्यायनं. हीच घडी काहून, सांग रे खेमसिंग." खेमसिंग सांगत राहिले. भरवसा, सर्व्हिसिंग, पैशाचे चीज, तिन्ही कसोट्या त्यांनी उदाहरणांसह समजावून दिल्या. वराचे वडील माना हलवत होते. त्या दिवशी खेमसिंग यांना आपल्या अभ्यासाचे सार्थक झाल्यासारखे वाटले होते. आपण आपल्याच घड्याळाची, त्याच्या चोरीच्या मांडवात, जामीनकी घेत होतो, हे त्यांना एसटी आर्णी ओलांडत असताना कळले.

घरी पोचले तेव्हा जमनी अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांच्या तोंडून तांड्यावरची गोरबोलीच आली. "काई वेगो?" काय झाले? खेमसिंग यांनी सांगितले. जमनींनी सूप बाजूला सारले.

"रामरावभाऊनं? नाही. तुमचीच मोजनी चुकली असन."

"माझीच चुकली," खेमसिंग म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीवर ढाणकीला गेले. रामराव ओसरीवर खुर्ची टाकून फोनवर सोयाबीनचा भाव विचारत होते. विमलताईंनी आतूनच आवाज दिला, "खेमभाऊ आले काय? च्या ठेवू?"

"ठेव, ठेव," रामराव म्हणाले. "ये लेका. परवाच तं सोनं देलं तुले, इतक्यात कसा?"

तीनच दिवसांपूर्वी, दसऱ्याला, आपट्याची पाने आणि घड्याळ त्यांनी एकाच मुठीत दिले होते. खेमसिंग यांनी घड्याळ काढून ओसरीच्या टेबलावर ठेवले.

"हे कोनाचं हाय, रामराव?"

रामराव यांनी घड्याळाकडे पाहिले, मग मित्राकडे, मग आतल्या दाराकडे. फोन बंद करून खिशात टाकला. त्यांना प्रश्न समजायला वेळ लागला नाही, एवढ्यावरून खेमसिंग यांना उत्तर मिळाले.

"हळू बोल," ते म्हणाले. "विमलले मालूम नाही."

"नागपूरले उघडून पाह्यलं त्यायनं. चार मानसांत. मले म्हनते, नक्कल हाय."

"आता आयक माहं." रामराव यांनी खुर्ची पुढे ओढली. "लग्न धा दिवसांवर आलतं. ऋतिकच्या बापानं फोन केला, पोराले घडी चांगली पाह्यजे. चांगली म्हंजे कोनती, तं खुशीनंच सांगून ठेवलं होतं, आमच्या बाबांकडं हाय तसी. दुकानात इचारलं तं ते म्हने दीड महिना लागते. मंग काय करू? पोरीले कमी पडू देऊ?"

"मले मांगाची. म्या नाही म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं."

"मंग?"

रामराव यांनी पुन्हा आतल्या दाराकडे पाहिले. मग एकदम उसळून म्हणाले, "अर्धी तं माहीच होती ना!"

"कोनती अर्धी? काटे का डायल?"

विमलताई चहा घेऊन आल्या. दोघेही एकदम थांबले, आणि रामराव यांनी अगदी नेहमीच्या आवाजात विचारले, "साखर बरोबर हाय ना, खेमसिंग?" खेमसिंग यांना त्या आवाजाची भीती वाटली. एवढा सहज आवाज काढायला सराव लागतो. विमलताई आत गेल्यावर ते म्हणाले, "दीड महिन्यानं तं नवीन आली असती. तवा काहून नाही घेतली? पैसे नव्हते?"

"पैसे होते."

"मंग?"

"घेनारच होतो." रामराव यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "ही मधल्या टाइमासाठी फोनवरून मागोलती. म्हटलं, खेमसिंग दोन दिवसांत वयखन, तवा पाय धरू आन् नवीन देऊ. दसऱ्याले देली तुले. आठ दिवसांनी तुहा फोन आला. तू काय म्हटलं, याद हाय? म्हने, रामराव, घडी अकरा सेकंद पुढं जाऊन राह्यली, तेल वाळलं असन. तूच म्हटलं! मंग म्या म्हटलं, ज्याले कयाले पाह्यजे त्यालेच नाही कयलं, तं जाऊ दे. चालूनच राह्यली ना?"

घड्याळ टेबलावर चालतच होते. चोरी खेमसिंग यांनी रस्ताभर पचवत आणली होती. मुलीच्या बापाची घालमेल त्यांना समजतही होती. पण त्या अकरा सेकंदांवर त्यांनी जे पांघरूण घातले होते, ते मित्रासाठी घातले होते, आणि त्याच पांघरुणाखाली मित्र वर्षभर निवांत झोपला होता.

"आन् दर पाडव्याले, दर दसऱ्याले, ही खोटी घडी देत-घेत राह्यला?" ते म्हणाले. "पाडव्याले तं तुले घ्याची काय गरज होती? तुले मालूम होतं."

"नसती घेतली तं तुले डाऊट आला असता."

खेमसिंग उठले. रामराव त्यांच्यासोबत फाटकापर्यंत आले आणि तिथे, गाडीच्या हँडलवर हात ठेवून, जे बोलले ते खेमसिंग पुढे कधी विसरले नाहीत.

"आता बात निंघालीच हाय तं एक काम कर. ते कार्ड तुह्याकडं हाय ना? जावयाले सर्व्हिसिंगसाठी लागून राह्यलं. चार-पाच डाव फोन आला. म्या म्हटलं, खेमबाबाच्या घरी राह्यलं, आनून देतो."

"कार्ड पाह्यजे तुले."

"मले नाही रे, खुशीले. तिच्या सासरी काही सांगू नको, एवढी मेहेरबानी कर. तू सांगतलं तं घडी तुले परत भेटन, कायद्यानं तुहीच हाय. पन पोरीनं तोंड कुठं दाखवाचं?"

"हे तू मले सांगतं?" खेमसिंग म्हणाले. "ती माह्या मांडीवर वाढली."

त्यांनी हँडलवरचा हात बाजूला केला. टेबलावरच्या घड्याळाकडे त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

कार्ड देऊन टाकायचे की घड्याळ परत मागायचे, यावर खेमसिंग यांनी आठवडाभर विचार केला. घड्याळावर त्यांचा हक्क होता आणि त्यावर त्यांचा जीवही होता. त्याचे सात ठोके अजून उशीवर डोके टेकले की कानात वाजत. पण पुण्याच्या त्या घरात त्यांनी स्वतः, स्वतःच्या तोंडाने, घड्याळ खरे असल्याची ग्वाही दिली होती. ती ग्वाही खरी ठेवण्याचा मार्ग एकच होता. फुलसावंगीच्या पोस्टातून त्यांनी कार्ड खुशीच्या नावे रजिस्टर केले. सोबत चार ओळी लिहिल्या: ऋतिकरावांना सांग, पाच वर्षे झाली आहेत, आता उघडून तेल घालून घ्यावे. घड्याळ चांगले आहे. लग्नाला दीडच वर्ष झाले असताना पाच वर्षे कशी, हे त्या घरात कोणी विचारेल, हे पाकीट गेल्यावर त्यांच्या लक्षात आले. जन्मात एवढी ढोबळ चूक त्यांनी केली नव्हती.

चार दिवसांनी खुशीचा फोन आला. तिने घड्याळाबद्दल काही विचारले नाही. जमनीबाईंची तब्येत विचारली, तुरीला फुले आली का ते विचारले, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "खेमबाबा, चिठ्ठी मीच वाचली. बाकी कोणी नाही."

खुशी बापाशी काय बोलली ते कळले नाही. ३० मार्च २०२५ला पाडवा होता. दहाच्या ठोक्याला रामराव तांड्यावर आले, या खेपेला समोरच्या रस्त्याने. हातात नवी कोरी पेटी होती. जमनींनी बाज टाकली, पाणी दिले, आणि कोणतीही थट्टा न करता आत निघून गेल्या. रामराव यांनी पेटी उघडून बाजेवर ठेवली. पांढरी तबकडी, निळे काटे.

"शोरूमची हाय. कार्डासगट. पूर्ण माह्या पैशाची, तरी अर्धी तुही." मग त्यांनी घाईने जोडले, "असीच घेऊ नको. आठ दिवस ठेव. मोज. नंबर पाह्य. तुह्या हिशेबानं पास झाली तं मंग..."

"नाही मोजत."

"काहून?"

"ज्याच्यावर भरवसा ठेवाचा असते, तेच मोजतो म्या."

रामराव यांचे ओठ हलले. एखादा विनोद शोधत असावेत, चाळीस वर्षांत तो त्यांना कधी कमी पडला नव्हता. नवे घड्याळ दोघांच्या मध्ये टिकटिकत होते. ते खरे होते, खेमसिंग यांना कानांनीच कळले. सेकंदाला सात. त्यांनी पेटीचे झाकण लावले, ती रामराव यांच्या हाती दिली आणि त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले, कारण पाडव्याच्या दिवशी आलेल्या माणसाला दारातून एकटे पाठवायची त्यांच्या घरी रीत नव्हती.

२०२०च्या पाडव्यापासून २०२४च्या दसऱ्यापर्यंत घड्याळ दोन मनगटांमध्ये दहा वेळा फिरले. त्यांपैकी खऱ्या खेपा : सात.